हिरवं दिसलं की पाणी मागायचं

शहाद्यातल्या जुन्या घरांत हिलाल मिस्तरीचं नाव काढलं की फ्रिजचा विषय मागे पडतो आणि मिस्तरीच्या बायकोच्या तहानेचा विषय निघतो. सदतीस वर्षं ही बाई नवऱ्याच्या गाडीवर मागे बसून फ्रिजच्या दुरुस्तीला लोकांच्या घरी गेली, आणि बहुतेक घरांत तिने पाणी मागितलं. डॉक्टरांच्या बंगल्यात मागितलं, सोडावाटरच्या दुकानात मागितलं. कळसाडीला तर भर थंडीत, शेकोटीला हात शेकत बसलेल्या दगूबाईकडे मागितलं. दगूबाईने पाणी दिलं, पण मिस्तरीच्या बायकोला साखरेचा आजार आहे असं गावभर सांगितलंही. एका कंपाउंडरने तिला बाजूला घेऊन, लाजू नका, एकदा तपासून घ्या, असा सल्ला दिला होता.

कमलबाईला कसलाही आजार नव्हता. तहान म्हणाल तर तीही बेताचीच. पण त्या तहानेमागे तिच्या नवऱ्याची अब्रू झाकलेली होती, आणि ती गोष्ट तिने पोटच्या पोरालाही सांगितली नव्हती.

हिलाल शेतकऱ्याघरचा धाकटा. थोरल्याने शेती धरली आणि हा सुरतेला एका उस्तादाकडे फ्रिजचं काम शिकायला गेला. चार वर्षांनी निघताना उस्तादाने आपली वापरलेली अवजारं एका लोखंडी पेटीत घालून त्याला दिली. तांब्याची नळी कापायचं कटर, नळीचं तोंड फुलवायचा साचा, गॅस मोजून भरायचं काचेचं नळकांडं, आणि सगळ्यांत मानाची चीज म्हणजे हॅलाइड टॉर्च.

टॉर्च म्हणायचं, पण हे सेलवर चालणारं काम नव्हे. हा वीतभर उंचीचा पितळी दिवा. बुडाशी गॅसची लहानशी टाकी, वर जाळ, जाळात तांब्याची चकती, आणि बाजूला एक लांब रबरी नळी. नळीचं मोकळं तोंड फ्रिजच्या पाइपावरून सावकाश फिरवायचं. दिवा त्या नळीतून हवा ओढत राहतो. पाइपाला कुठे सुईच्या टोकाएवढं जरी भोक असलं तरी तिथून निसटणारा गॅस नळीवाटे जाळात येतो, आणि निळा जाळ हिरवा होतो. साबणाच्या फेसाला जे भोक हुलकावणी देतं ते हा दिवा बरोबर पकडून देतो. त्या काळी ज्याच्या पेटीत हा दिवा, त्याला लोक मिस्तरी म्हणत. बाकीचे नुसते हातोडे ठोकणारे.

आणि हिलालला निळं आणि हिरवं एकच दिसत असे.

सुरतेत त्याने हे कसं निभावलं, तर सोबतच्या पोरांच्या तोंडाकडे बघून. त्यांचे डोळे चमकले की हा म्हणायचा, हां, इथेच आहे. गावी येऊन त्याने बसस्टँडजवळ दुकान थाटलं, मागच्या खोलीत संसार मांडला, पण इथे तोंड बघायला कोणी नव्हतं. लग्नाला चार महिने झाले असतील. एका दुपारी कमलबाई चहा घेऊन दुकानात आली तर हा दोन तासांपासून एकाच फ्रिजमागे उकिडवा बसलेला. दिवा पेटलेला, नळी हातात, आणि अंगाला घामाच्या धारा. ती कप हातात धरून बघत राहिली. मग तिने सहज विचारलं, की जाळ मघाशी हिरवा कसा काय झाला, असा जाळ तिने कधी बघितला नव्हता.

हिलालने गर्रकन मान वळवली. "कवय व्हयना हिरवा?"

"आतेच. तुमी त्या वाकाशी नळी नेली तवय."

त्याने नळी पुन्हा वाकाशी नेली आणि विचारलं, आता? ती म्हणाली, हिरवा. नळी लांब नेली, आता? निळा. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी त्याने दिवा विझवला, चहाचा कप घेतला, आणि खाली मान घालून तिला सगळं सांगून टाकलं. उस्तादाला ठाऊक नाही, भावाला नाही, बापाला नाही. हे बाहेर फुटलं तर रंगाचं आंधळं माणूस फ्रिज काय दुरुस्त करणार, असं म्हणून लोक दुकानाची पायरी चढणार नाहीत. एकवीस वर्षांच्या त्या मुलीला नवरा त्या दिवशी पहिल्यांदा आपला वाटला.

ती एवढंच म्हणाली, "मंग मी येत जासू ना तुमना संगे."

हे म्हणायला सोपं होतं. एक तर घरातली बाई मिस्तरीकामाला गाडीवर बसून हिंडते, हेच भाऊबंदांना रुचलं नाही. सासू म्हणाली, याला बायकोवाचून घटकाभर करमत नाही. हिलालने ते बिनतक्रार अंगावर घेतलं, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा बायकोवेडा म्हणवून घेणं परवडलं. आणि दुसरं, गिऱ्हाइकासमोर तिने हिरवं हिरवं म्हणून ओरडायचं कसं? शेंबडं पोरही विचारील की मिस्तरीला दिसत नाही का. म्हणून खूण ठरली. आधी खोकायचं ठरवलं होतं. पण त्या दिव्याचा धूर असा जहरी, की तिला खोकला खरोखरच यायचा. त्यापायी एका सोडावाल्याच्या फ्रिजचे तीन चांगले जोड हिलालने उगाच कापून पुन्हा जोडले. घरी आल्यावर दोघं पोट धरून हसले, आणि तेव्हापासून पाणी ठरलं. तो नळी फिरवायचा, ती मागे उभी राहून जाळावर डोळा ठेवायची, आणि जाळ हिरवा झाला की घरधनिणीला म्हणायची, "माय, घोटभर पानी दे वं."

लोकांना तिची तहान दिसली. तिला मात्र त्यापायी जग दिसलं. तोरणमाळच्या घाटात पावसाळी धुक्यात, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला दिवा लेकरासारखा धरून ती वर गेली होती. खांडबाऱ्याच्या स्टेशनावर चुकलेल्या गाडीची वाट बघत पेटीवर बसून तिने भजी खाल्ली होती. कोणाच्या फ्रिजमध्ये काय असतं यावरून घर कसं आहे ते तिला कळायला लागलं होतं. दिव्याची चकती घासणं, त्याचं बारीक तोंड तारेने मोकळं करणं, ही कामं तीच करायची. जावा विचारायच्या, थकत नाही का गं, तर म्हणायची, आमचा धंदाच असा. आमचा म्हणायची. त्यात तिला केवढं सुख होतं ते जावांना काय कळणार.

मधल्या काळात गॅस बदलत गेले. बारा नंबरचा जुना गॅस बंद पडला, त्याच्या जागी फ्रिजमध्ये जो आला त्याला दिवा दाद देईना. पण गावात एसी आले, त्यांत बावीस नंबरचा गॅस होता, त्याने दिव्याला आणखी पंधरा-वीस वर्षं दिली. आता तेही एसी जुने होऊन भंगारात चालले होते. हिलालच्या पेटीतली निम्मी अवजारं नुसती पूजेपुरती उरली. गॅस मोजायच्या काचेच्या नळकांड्यात तर कमलबाईने एक वर्ष मोहरी भरून ठेवली होती.

खंडेनवमीला हिलालच्या घरी पाटावर लाल कापड घालून अवजारं मांडतात. मधोमध दिवा, त्याच्या दोन्ही बाजूंना बाकीचं लटांबर. गेल्या वर्षी कमलबाई अशीच मांडामांड करत होती तेव्हा सुरतेहून मुलगा आला. भूपेंद्र तिथे एसीच्या कंपनीत साहेबांच्या हाताखाली आहे. पोरगा गुणी, बायको रोहिणी त्याहून गुणी. त्याने पिशवीतून एक काळं यंत्र काढलं. हाताच्या मुठीत मावेल एवढं, त्याला वाकणारी लांब मान आणि टोकाला बारीक नाक. गॅस कुठलाही असो, नवा, जुना, ते नाक जवळ नेलं की यंत्र पीं पीं पीं करून ओरडतं. भूपेंद्रने पाटावरचा दिवा उचलून बाजूला ठेवला आणि मधोमध यंत्र ठेवलं.

मग त्याने आईला खाली बसवलं. म्हणाला, माय, तुझी कंबर दुखते, गुडघे धरतात, आणि आबा तुला अजून खड्ड्यांतून गाडीवर फिरवतात. आता दिवाच न्यायचा नाही, मग तो सांभाळायला आबांना सोबत लागणार नाही. तू घरी बस, टीव्ही बघ, आमच्याकडे ये राहायला. हिलालने मान डोलावली. म्हणाला, खरं आहे त्याचं, फार ओढलं मी तुला. दोघांच्याही मनात तिचं भलं करायचं होतं, हे तिलाही दिसत होतं. म्हणून तर तिला रडताही येईना आणि भांडताही येईना.

तिने त्या यंत्राचं नाव टिटवी ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून हिलाल एकटाच जाऊ लागला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की कमलबाईचा हात आपोआप पदर खोचायला जायचा. मग तो हात तसाच कुठेतरी, भांड्यावर नाही तर उंबऱ्यावर टेकायचा. तिने कांदे भरले, पापड लाटले, गहू निवडले, निवडलेले पुन्हा निवडले. टीव्हीवरच्या सासवांचा तिला राग यायला लागला. संध्याकाळी हिलाल आला की ती विचारायची, कुणाकडे गेला होतात, भोक कुठे सापडलं, घरात कोणकोण होतं. तो दमलेला असायचा. सापडलं एका जोडाला, म्हणायचा. सदतीस वर्षांत तिने विचारलेल्या प्रश्नाला असं तुटक उत्तर त्याला द्यावं लागलं नव्हतं, कारण तिला विचारावंच लागलं नव्हतं.

दिवाळी होऊन गेल्यावरची गोष्ट. हिलाल तळोद्याला गेलेला. शेजारची छबूबाई आली आणि म्हणाली, फ्रिज थंड करेना, भाऊ आले की पाठव. दीड वर्षाचाच फ्रिज होता. कमलबाईने पुढचा मागचा विचार केला नाही. म्हणाली, त्यांची कशाला वाट बघायची, भोक कुठे आहे ते मीच सांगते. पलंगाखालची पेटी ओढली, दिवा काढला, टाकी हलवून बघितली तर थोडा गॅस होता. छबूबाईच्या स्वयंपाकघरात फ्रिज पुढे ओढून ती त्याच्यामागे बसली. पहिल्यांदाच नळी तिच्या स्वतःच्या हातात होती. तिने ती पाइपावरून तितक्याच सावकाश फिरवली, जितकी हिलाल फिरवायचा.

जाळ हिरवा झाला नाही. तो आधी पिवळा पडला आणि मग फरकन हातभर वर आला.

तिच्या भुवईचे केस जळल्याचा वास आला. ती दचकून मागे सरली, पण दिवा हातातून सोडावा की धरावा ते तिला कळेना. तेवढ्यात दारातून हिलाल आत आला. तो लवकर परतला होता आणि घराला कडी बघून शेजारी विचारायला आला होता. त्याने दोन ढांगांत दिवा हिसकावून चावी बंद केली, खिडकी उघडली, दोघींना बाहेरच्या ओट्यावर काढलं. त्याचा तळवा तापल्या पितळेवर चांगला भाजला होता. छबूबाई छातीवर हात ठेवून विचारत होती, हे काय झालं. हिलाल म्हणाला, "मन्हीच चूक शे. मीच सांगेल व्हतं तिले."

घरी आल्यावर कमलबाईने त्याच्या तळव्याला कोरफडीचा गर लावला. तो हळू आवाजात सांगत होता, की नवीन फ्रिजमध्ये जो गॅस असतो तो आपल्या चुलीच्या गॅससारखा पेट घेतो, त्याच्याजवळ दिवा न्यायचाच नसतो, आज चार पावलं उशीर झाला असता तर काय झालं असतं. तिने विचारलं, मग मला हे आधी का सांगितलं नाही. तो म्हणाला, तू कामावर येणारच नव्हतीस, मग कशाला सांगायचं.

तेव्हा मात्र तिचा बांध फुटला. कोरफडीचा हात तसाच, डोळ्यांतून पाणी.

"सदतीस वरीस मी तुमना डोया व्हतू," ती म्हणाली. "आते मी कोन शे, ते तरी सांगा."

हिलाल आपल्या भाजलेल्या तळव्याकडे बघत बसून राहिला. त्याला वाटत होतं, आपण बायकोला सुख दिलं. आणि ती रिकाम्या घरात हे असलं सुख भोगत बसली होती.

नंतरचे आठ दिवस तो दुकानावर गेला नाही, हाताचं निमित्त होतं. नवव्या दिवशी एका घरी एकटाच गेला आणि तासाभरात परत आला. पिशवी आपटली. म्हणाला, हे यंत्र आपल्या कामाचं नाही, वाजतं ते ऐकू येत नाही. कमलबाईने ते सुरू करून त्याच्यासमोर धरलं, चुलीच्या गॅसची चावी क्षणभर उघडून नाक तिकडे नेलं. टिटवी कर्कश ओरडली. हिलाल शांतपणे तिच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "वाजी ऱ्हायनं का?"

तिने यंत्र बंद केलं. चाळीस वर्षं कॉम्प्रेसरच्या घरघरीत घालवलेले कान ते, कधीतरी जायचेच होते. ती म्हणाली, उद्यापासून मी येते. तो म्हणाला, ये बाई, आता तुझ्याशिवाय इलाज नाही.

झालं, कमलबाई पुन्हा गाडीवर बसली. काम आता सोपं होतं. तो यंत्राचं नाक पाइपावरून फिरवायचा आणि ती वाजलं की सांगायची. पाणी मागायची गरज उरली नव्हती, कारण हिलाल प्रत्येक घरी पाय ठेवल्या ठेवल्या आपणहून सांगायचा, की माझे कान गेलेत, म्हणून मंडळींना सोबत आणलंय. पानवाल्याला सांगितलं, भाऊबंदांना सांगितलं, गॅसच्या दुकानदाराला सांगितलं. शहाद्यात जो भेटेल तो मिस्तरीशी मोठ्याने बोलायला लागला.

कमलबाईला कामावर जायचा आनंद होता, पण जिवाला घोर होता. ती रोज सकाळी लसूण घालून तेल कढवायची आणि कोमट करून त्याच्या कानांत घालायची. तो एका कुशीवर पडून राहायचा, मग दुसऱ्या. अंगभर लसणाचा वास घेऊन दुकानात बसायचा. फोनवर भूपेंद्र म्हणाला, सुरतेत कानाचे मोठे डॉक्टर आहेत, मी वेळ घेतो. तर हिलाल म्हणाला, काय, काय म्हणतोस, आणि फोन तिच्या हातात दिला. पुन्हा विषय निघाला तर म्हणाला, या वयात कानांत नळकांडी घालून घ्यायची मला हौस नाही. तेलाने उतार पडेल. तिने तेलात लसूण वाढवला.

माघ संपत आला होता. दुपारची जेवणं झाली, हिलाल ओट्यावर पेपर तोंडावर घेऊन आडवा झाला, आणि कमलबाई परसदारी धुणं वाळत घालत होती. टिटवीची पिशवी आतल्या खोलीत खुंटीला होती. त्या यंत्राला एक खोड होती, सेल उतरायला आले की ते मधून मधून बारीक चुकचुकायचं. आताही चुकचुकलं. भिंतीवरच्या पालीएवढाच आवाज. तिला परसातून जेमतेम ऐकू आला, आणि हातातलं लुगडं झटकून ती आत यायला निघाली, तर खिडकीतून तिला हिलाल दिसला.

तो ओट्यावरून उठून आत आला होता. त्याने स्वयंपाकघरात डोकावून बघितलं, तिथे कोणी नाही याची खात्री केली, मग पाय न वाजवता खुंटीशी गेला. यंत्र काढलं, सेल बदलले, कानाशी धरून एकदा ऐकलं, पिशवी होती तशी टांगली, आणि पुन्हा ओट्यावर जाऊन पेपर तोंडावर घेतला.

कमलबाई खिडकीबाहेर ओलं लुगडं छातीशी धरून उभी राहिली. चोळी भिजली तरी तिला कळलं नाही. आधी तिला राग आला, आणि तो लसणाच्या तेलाचा होता. एवढं तेल, एवढे सायास. मग हळूहळू बाकीचं ध्यानात आलं. हा माणूस आपला खरा दोष जन्मभर सगळ्या जगापासून लपवत आला. उस्तादापासून लपवला, मुलापासून लपवला, नाव जाईल म्हणून बायकोवेडा म्हणवून घेतलं. आणि तोच माणूस आता नसलेला दोष घरोघरी सांगत सुटला होता. बहिरा मिस्तरी म्हणून लोक हसत होते आणि तो हसू देत होता. ज्या नावाला तो एवढा जपायचा ते त्याने तिला गाडीवर मागे बसवण्यासाठी खुशाल उधळून टाकलं होतं. लग्नानंतर त्याने तिला कधी गजरा आणला नाही, गोड शब्द बोलला नाही. तिला त्याची कधी खंत वाटली असेलच, तर ती तिथे खिडकीबाहेर उभ्या उभ्या संपली.

तिने लुगडं पुन्हा पिळलं आणि वाळत घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेलाची वाटी आली नाही. हिलालने थोडी वाट बघून, आज तेल नाही का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, लसूण संपलाय. लसणाची अख्खी माळ तिच्या डोक्यावर लटकत होती.

आठवड्याने तापीकाठच्या गिरधरभाईंकडून बोलावणं आलं. गुजरांचं मोठं घर, केळीचे पैसेवाले, आणि घरात माणसं भरपूर. मोठा फ्रिज बंद पडला म्हणून सगळे स्वयंपाकघरात जमलेले. हिलालने नेहमीप्रमाणे कानांचं रडगाणं गायलं. गिरधरभाईंनी सहानुभूतीने मोठ्याने विचारलं, की कधीपासून हो, आणि त्यांच्या सुनेने, रोशनीने, बसायला पाट दिला. यंत्राचं नाक पाइपावरून फिरायला लागलं आणि मागच्या एका जोडाशी टिटवी असा काही गळा काढून ओरडली की पुढच्या पडवीतला म्हातारा काय झालं म्हणून विचारायला लागला. घरातली आठ माणसं ऐकत होती. हिलाल मिस्तरी निर्विकार तोंडाने नाक आणखी पुढे सरकवत होता.

सगळ्यांनी कमलबाईकडे बघितलं. ती उठली, पदर सावरला, त्याच्या कानाशी वाकली आणि पोटात होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली, "अहो, वाजी ऱ्हायनं!"

हिलाल टुणकन उडाला. कानात बोट घालून म्हणाला, "मंग आसं सांग ना." रोशनी पदराआड हसली. कमलबाईच्या तोंडावरची रेघ हलली नाही. त्याने जोडावर खडूची खूण केली आणि काम पुढे चालू झालं.

परत निघाले तेव्हा उन्हं कलली होती. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, रस्ता नवा असला तरी मधेमधे उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेला. वारा समोरून होता. हिलाल खड्डे चुकवण्याच्या भानगडीत न पडता गाडी दामटत होता आणि कमलबाईच्या कंबरेतून कळा निघत होत्या. मांडीवर पिशवी, एक हात त्याच्या खांद्यावर. तिने तोंड पुढे नेलं नाही, आवाजही चढवला नाही. आपल्याशीच बोलावं तशी, ओठांतल्या ओठांत ती म्हणाली, "जरा हळू चालाडा. कंबर दुखी ऱ्हायनी."

गाडी हळू झाली.

बराच वेळ ती तशीच सावकाश चालत राहिली. केळीची एक अख्खी बाग मागे गेली. मग एकाएकी हिलालची मान ताठ झाली. त्याने डोकं अर्धवट मागे वळवून, वाऱ्यावर मात करत, बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात विचारलं, "काही म्हनी का वं?"

कमलबाईने खांद्यावरचा हात त्याच्या कंबरेभोवती घेतला.

"काही नही," ती म्हणाली. "तुमी चाला."